घामाला वाळू द्या!

मुलांनो, मार्च उजाडला, की आमच्या वर्गात दर पाच मिनिटांनी एकच वाक्य ऐकू येतं, "बाई, फार उकडतंय!" वह्यांचे पंखे होतात आणि परीक्षेआधीच त्यांचे पुठ्ठे सुटतात. डोक्यावर पत्रे असले, की दुसरं काय होणार? पण काही मुलांना नुसतं उन्हाळ्यातच नाही, बारा महिने उकडतं. त्यांच्याबद्दलही आज सांगायचं आहे. आईबाबांनाही वाचायला द्या बरं का!

आधी एक गंमत करा. एका मनगटावर ओलं बोट फिरवा, दुसरं कोरडंच ठेवा. आता दोन्हींवर फुंकर मारा. ओलं मनगट जास्त गार लागलं ना? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती ते तुमच्या कातडीतून उचलतं. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत सात लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल!

घरचा माठ हेच करतो. म्हणून तर आजी नवा माठ पाझरतो का, ते आधी बघते. तैलरंगाने रंगवलेला माठ दिसतो छान, पण त्याची छिद्रं बुजलेली असतात, मग पाणी गार होणार कसं?

तेव्हा नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पण हवा कोरडी. घाम आला कधी आणि वाळला कधी, कळतच नाही. म्हणून तिथे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर कामाला येतात. मात्र घाम दिसत नाही, म्हणून पाणी प्यायचंही राहून जातं! आणि वारा कातडीपेक्षा गरम असेल, तर कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडून उपयोग नाही. हातपाय, मान ओली करून मग वाऱ्यात बसावं.

मुंबई-रत्नागिरीला पारा ३३-३४ वरच असतो, तरी जीव नकोसा होतो. तिथली हवा आधीच ओली, ती आणखी पाणी घेईना. घाम नुसता ओघळतो. अशा ठिकाणी खोली बंद करून कूलर लावला, तर चिकचिक वाढते. तिथे खिडक्या उघड्या हव्यात आणि पंखा हवा.

कपडे सैल आणि सुती असावेत. गणवेश टेरिकॉटचा असला, तर निदान आतला बनियन सुती घ्या. ताक, कैरीचं पन्हं उत्तम, कारण घामाबरोबर मीठही जातं. खिशात कांदा ठेवायला माझी ना नाही, पण तो भाकरीबरोबर खाल्लेला बरा!

आता पालकांसाठी एक गोष्ट. कितीतरी मुली पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी आणतात. विसरलेल्या नसतात. शाळेतल्या शौचालयात जावं लागू नये, म्हणून त्या पाणी पीत नाहीत. रागावण्याआधी एकदा हे विचारा आणि शौचालयाचं काय, ते शाळेलाही विचारा.

आणि बारा महिने ज्यांना उकडतं, ती मुलं? आमच्या सातवीतली एक मुलगी डिसेंबरातही स्वेटर घालायची नाही. सगळे म्हणत, नखरे करते. पण ती भरपूर जेवूनही वाळत चालली होती, हात थरथरायचे, बसल्या जागी छाती धडधडायची. रक्त तपासलं, तेव्हा कळलं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या थंडीत बाईसाहेब स्वेटर घालून आल्या. सगळ्यांना असं नसतं. वयात येताना घाम वाढतोच. पण उकडण्याबरोबर अशी आणखी लक्षणं असली, तर डॉक्टरांकडे जावं.

काही थोड्या मुलांना जन्मतःच घामाच्या ग्रंथी नसतात किंवा अगदी कमी असतात. दात आणि केसही विरळ असतात. सिंधमधल्या अशा एका कुटुंबाची नोंद चार्ल्स डार्विनने १८७५ सालच्या ग्रंथात केली आहे. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष तसे होते. अशी मुलं उन्हाळ्यात ओला बनियन घालतात, अंगावर पाणी फवारतात. म्हणजे घाम बाहेरून आणतात! तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर नळाजवळची आणि पंख्याखालची जागा त्याची.

एक मात्र पाठ करून ठेवा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर घाम येत असो वा थांबलेला असो, हा उष्माघात असू शकतो. लगेच मोठ्यांना हाक मारा, १०८ ला फोन करा. त्याला सावलीत आडवं करा, जाड कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालायचं नाही. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवायचा नाही.