हैदराबाद वैज्ञानिक बलून उड्डाणे आणि मराठवाडा

हैदराबाद वैज्ञानिक बलून उड्डाणे ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून होणारी मानवरहित उड्डाणे होत. उच्च वातावरण व खगोलशास्त्र यांच्या अभ्यासासाठी लागणारी उपकरणे या बलूनांद्वारे 30 ते 42 किलोमीटर उंचीवर नेली जातात आणि काम संपल्यावर पॅराशूटच्या साहाय्याने जमिनीवर उतरवली जातात. उपकरणे उतरण्याच्या संभाव्य टापूत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, जालना व छत्रपती संभाजीनगर या मराठवाड्यातील जिल्ह्यांचा समावेश होतो.

पार्श्वभूमी

होमी भाभा यांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी 1950 च्या दशकापासून प्लॅस्टिकचे बलून वापरात आले. 1970 च्या सुमारास हैदराबादला कायमस्वरूपी केंद्र उभे राहिले. हे शहर भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे अवकाशातून येणारे कमी ऊर्जेचे विद्युत्‌भारित कण येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वळवले जातात. त्यामुळे क्ष-किरणांसारख्या क्षीण प्रारणांच्या मोजणीत अडथळा कमी येतो.

बलूनची रचना

बलून अतिशय पातळ पॉलिथिनचा असून त्यात हायड्रोजन वायू भरतात. पूर्ण फुगल्यावर त्याचा व्यास 50 ते 85 मीटर होतो. जमिनीवर मात्र तो जवळजवळ रिकामा दिसतो. साधारण 30 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या सुमारे 1 टक्का असतो. वर जाताना आतील वायू प्रसरण पावतो व बलून हळूहळू पूर्ण आकार घेतो. बलूनखाली पॅराशूट आणि त्याखाली लांब दोराने जोडलेला उपकरणसंच अशी मांडणी असते.

उष्ण कटिबंधातील उड्डाणांची एक अडचण म्हणजे सुमारे 16 ते 17 किलोमीटर उंचीवरील कडाक्याची थंडी. तेथील तापमान उणे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्या थरातून जाताना पॉलिथिन ठिसूळ होऊन फाटण्याचा धोका असतो.

उड्डाणाचे नियोजन

उड्डाणे मुख्यतः हिवाळा व उन्हाळ्याच्या आरंभी, रात्री 8 ते सकाळी 6.30 या वेळेत केली जातात. या वेळी जमिनीलगतचा वारा मंद असतो आणि नाजूक पडदा सुरक्षितपणे उभा करता येतो. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी आधीच समन्वय साधला जातो, कारण बलूनला प्रवासी विमानांच्या उंचीचा थर ओलांडावा लागतो.

बलूनला इंजिन किंवा सुकाणू नसते. त्यामुळे उपकरणे कोठे उतरतील याचा अंदाज वाऱ्यावरूनच बांधावा लागतो. हिवाळ्यात विमानांच्या उंचीवरील थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात व बलूनला पूर्वेस ढकलतात. त्यावरील स्थितांबरात वारा पूर्वेचा असल्यास तोच बलून मागे फिरून पश्चिमेकडे, म्हणजे मराठवाड्याच्या दिशेने सरकतो. या कारणाने उतरण्याचा संभाव्य टापू विशाखापट्टणम, हैदराबाद व आदिलाबाद किंवा सोलापूर यांना जोडणाऱ्या पट्ट्यात, हैदराबादपासून 200 ते 350 किलोमीटरवर मानला जातो. नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे 230 किलोमीटरवर, म्हणजे या टापूतच आहेत.

उतरण व पुनर्प्राप्ती

निरीक्षणे पूर्ण झाली की रेडिओसंदेशाद्वारे दोर तोडला जातो. बलून फाटून वेगळा पडतो आणि उपकरणसंच रंगीत पॅराशूटसह खाली येतो. विरळ हवेत पॅराशूटला फारसा आधार मिळत नाही, म्हणून सुरुवातीला वेग मोठा असतो. दाट हवेत आल्यावर तो कमी होतो. दोर कोणत्या क्षणी तोडायचा हा नियंत्रकांच्या हाती असलेला महत्त्वाचा निर्णय आहे. गाव, जलाशय, वीजवाहिन्या व दाट जंगल टळावे, शक्यतो उघड्या शेतात उपकरण उतरावे, असा प्रयत्न असतो. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरचे वनक्षेत्र व गोदावरीचे पात्र, तर लातूर जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगा व मांजरा खोरे यांमुळे हा निर्णय सोपा नसतो. शोधपथक रस्त्याने त्या ठिकाणी पोहोचते.

पुनर्प्राप्तीचे महत्त्व

आकडे रेडिओद्वारे खाली पाठवता येतात. हवेचा नमुना पाठवता येत नाही. जयंत नारळीकर यांचा सहभाग असलेल्या जीवाणूशोधाच्या प्रयोगांवरून हे स्पष्ट होते. जानेवारी 2001 मधील उड्डाणात 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. एप्रिल 2005 मधील उड्डाणात 459 किलोग्रॅमचा उपकरणसंच होता. त्यातील 16 निर्जंतुक, निर्वात पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवा त्यांत गोळा करून नळ्या पॅराशूटने सुखरूप उतरवण्यात आल्या. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत स्वतंत्र तपासणी होऊन जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती आढळल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला फ्रेड हॉइल, तर दुसरीला आर्यभट यांचे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे मात्र या प्रयोगाने सिद्ध झाले नाही.

दुसरे उदाहरण संस्थेच्या 1 मीटर व्यासाचा आरसा असलेल्या अवरक्त दूरबिणीचे आहे. प्रत्येक उड्डाणानंतर ती परत मिळवून, दुरुस्त करून पुन्हा उडवता आल्यामुळेच तिच्याद्वारे तारकानिर्मितीच्या प्रदेशांची दीर्घकाळ निरीक्षणे शक्य झाली.

अग्निबाणाशी तुलना

उपकरण परत आणून पुन्हा वापरण्याचा विचार अवजड अग्निबाणांतही रुजला आहे. डिसेंबर 2015 मध्ये ऑर्बकॉमचे 11 दळणवळण उपग्रह सोडणाऱ्या फाल्कन 9 अग्निबाणाचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला. भारताचा सुमारे 4,700 किलोग्रॅम वजनाचा जीसॅट-एन2 हा दळणवळण उपग्रह 19 नोव्हेंबर 2024 रोजी याच प्रकारच्या अग्निबाणाने अमेरिकेतून सोडण्यात आला. त्याचा पहिला टप्पा अटलांटिक महासागरातील तराफ्यावर उतरला. अशा टप्प्याला उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते आणि त्या प्रमाणात उपग्रहाच्या वजनावर मर्यादा येते. बलूनला हा खर्च नाही; त्याऐवजी उतरण्याच्या जागेची अनिश्चितता पत्करावी लागते.

नागरिकांसाठी सूचना

उड्डाणांपूर्वी संबंधित जिल्हा प्रशासनामार्फत व वृत्तपत्रांतून आवाहन केले जाते. शेतात पॅराशूट, लांब दोर व पेटी आढळल्यास ती उघडू नये, हलवू नये आणि जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा पेटीवरील पत्त्यावर कळवावे, असे त्यात सांगितलेले असते. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असल्याने ती उघडणे धोक्याचे असते. शिवाय पेटीत ढवळाढवळ झाल्यास मौल्यवान वैज्ञानिक माहिती कायमची नष्ट होऊ शकते. कळवणाऱ्यास योग्य बक्षीस आणि दूरध्वनी व प्रवासाचा खर्च दिला जातो. रब्बीच्या हंगामात ज्वारी वा हरभऱ्याच्या रानात पहाटे पोहोचणारा शेतकरी बहुधा शोधपथकाच्याही आधी तेथे असतो. उड्डाणाची फलश्रुती त्यामुळे बऱ्याच अंशी त्याच्या दक्षतेवर अवलंबून राहते.