झोपेतला श्वास कोण मोजतं?



घरात कुणी आजारी असलं की रात्र मोठी होते. दिवसा चार जणी येऊन पाहून जातात. रात्री मात्र माय नाहीतर सून एकटीच जागते आणि पहाटे तिचाही डोळा लागतो. दम्याचा त्रास तर रात्री-पहाटेच जास्त उसळतो. म्हणून आज बोलू या झोपेतला श्वास आणि हृदयाचे ठोके मोजण्याबद्दल.

काही दवाखान्यांत आता गादीखाली एक पातळ पट्टी अंथरतात. रोग्याच्या अंगाला वायर नाही, चिकटपट्टी नाही. तो नुसता झोपतो आणि त्याचे श्वास व ठोके मिनिटामिनिटाला पडद्यावर दिसतात. आपल्या देशात बंगळूरूची डोझी ही कंपनी अशी पट्टी बनवते.

अंगाला न लागता तिला कसं कळतं? काट्याच्या वजनयंत्रावर अगदी स्थिर उभं राहून पाहा, काटा बारीक थरथरतो. हृदय दर ठोक्याला रक्त जोरात पुढे ढकलतं, त्याचा हलका धक्का सगळ्या शरीराला बसतो. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. आयझॅक स्टार यांनी माणसाला झुलत्या खाटेवर झोपवून हेच धक्के कागदावर उमटवले होते. आजची पट्टी तेच काम करते. श्वासाने छाती-पोट वरखाली होतं, ती हालचाल मोठी आणि संथ. ठोक्याचा धक्का छोटा आणि भराभर. चाळणीने पीठ आणि कोंडा वेगळा करावा, तसं यंत्र या दोन हालचाली वेगळ्या करून मोजतं.

पण तिच्या मर्यादाही ऐका. रोगी फार तळमळला तर मोजणी चुकते. एकाच गादीवर आईजवळ लेकरू झोपलं असेल तर दोघांच्या हालचाली मिसळतात. नुसत्या पट्टीने रक्तातला ऑक्सिजन नीट कळत नाही, त्यासाठी बोटाला चिमटा लावावा लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आकडा बिघडल्यावर उठून धावणारं माणूस लागतं. म्हणून दवाखान्यात अशी पट्टी दिसली तर नर्सताईंना जरूर विचारा, ‘रात्री इशारा आला तर पाहतं कोण?’

आता म्हणाल, आमच्या घरी बाज आणि चटई, आम्ही काय करावं? याचं उत्तर आपल्या शेजारच्या गडचिरोलीत आहे. सेवाग्रामच्या आश्रमात वाढलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गावात लेकरं न्युमोनियाने दगावत होती. रोग ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजायला हवेत, पण बऱ्याच सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधं यंत्र तयार झालं. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या लेकरांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटात लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर न्युमोनिया समजून औषध सुरू करायचं. गावातल्याच शिकवलेल्या माणसांनी आणि सुईणींनी हे काम केलं. त्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. 1990 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तो अहवाल छापून आला.

मोजणी आपणही करू शकतो. लेकरू शांत किंवा झोपलेलं असावं. रडताना, दूध पिताना मोजू नका. झबलं वर करून पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो.

आकडे वहीत लिहून ठेवा. 2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही जास्तच आला तर लगेच दवाखाना. मोठ्या लेकरालाही त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, लेकरू कण्हतं, पीत नाही, ओठ निळे पडतात, यातलं एकही दिसलं तर मोजत बसू नका. 108ला फोन करा.

मोठ्या माणसाचे श्वास आरामात मिनिटाला 12 ते 20 असतात. ते 25च्या पुढे गेले तर थांबू नका. घरधनी मोठ्याने घोरतो, मधेच दहा-पंधरा सेकंद श्वास थांबतो, मग दचकून घेतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो, तर ते गाढ झोपेचं लक्षण समजू नका. हा झोपेतला श्वासरोध असू शकतो आणि त्याने रक्तदाब वाढतो. सेवाग्रामला किंवा सावंगीला दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. रात्री सोबत झोपणाऱ्या बाईनेच ते पाहिलेलं असतं.

पुढच्या गटाच्या बैठकीत एक करा. बचतीचा हिशेब झाला की एका झोपलेल्या लेकराचे श्वास दोघींनी वेगवेगळे मोजा आणि आकडे जुळवा. तीन-चार श्वासांचा फरक आला तर घाबरू नका, दहाचा आला तर पुन्हा मोजा. हात बसला की मध्यरात्री कुणी दार वाजवलं तर गल्लीतली एक तरी बाई सांगू शकेल, ‘थांबू नका, आत्ताच न्या.’