मदतकार्याला नियम हवेत, संशय नको

छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन धर्मभगिनींना अटक झाली. त्यांच्यावर मानवी तस्करी आणि धर्मांतराचे आरोप ठेवण्यात आले. पुढे २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आरोपांत तथ्य किती, याचा निवाडा न्यायालय करील. वृत्तपत्रीय लेखाने तो करू नये. मात्र या प्रकरणातून प्रशासनापुढे उभा राहणारा एक प्रश्न फारसा चर्चिला गेला नाही. चर्चचे कार्यकर्ते आणि शासन यांच्यातील नाते संशयाने ग्रासलेले असेल, तर उद्याच्या आपत्तीत त्यांच्या मनुष्यबळाचा उपयोग कोण करून घेणार आणि कोणत्या नियमांनी?

दुर्ग जिल्ह्यात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. स्थानकापासून काही किलोमीटरवर भिलाईची औद्योगिक वसाहत सुरू होते. सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे मुख्य रुग्णालय आहे आणि त्याच्या शेजारी सेक्टर १० ही निवासी वस्ती. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, विदर्भ अशा अनेक प्रांतांतून माणसे येथे आली आणि आपापली प्रार्थनास्थळेही त्यांनी सोबत आणली. सेंट थॉमस महाविद्यालय १९८४ मध्ये स्थापन झाले, ते केरळी ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चच्या पुढाकाराने.

जून २०१४ मध्ये कारखान्याच्या एका पंपगृहाजवळ कार्बन मोनॉक्साइडची गळती होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक भट्टी विभागातील वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी दगावले. अशा वेळी अग्निशमन, प्राणवायू आणि शस्त्रक्रिया ही प्रशिक्षितांची कामे असतात. तेथे हौशी माणसाची अडचणच होते. पण रुग्णालयाच्या दारात जमलेल्या नातेवाइकांना अन्न, निवारा आणि खरी माहिती देणे, रक्तदाते गोळा करणे, परगावच्या कंत्राटी मजुराच्या घरी त्याच्या भाषेत निरोप पोहोचवणे आणि महिन्याभराने त्या घरी पुन्हा जाऊन येणे ही कामे सरकारी यंत्रणेला जमत नाहीत. ती गुरुद्वाऱ्याच्या लंगराला, चर्चच्या युवक मंडळाला, मोहल्ल्याच्या समितीला जमतात.

या श्रमविभागणीचा विचार आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यातून निघालेल्या दुष्काळ संहितेने एक सूत्र घालून दिले होते: जीव वाचवण्याची जबाबदारी शासनाची. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा लोकवर्गणीच्या मदतनिधीने शासनाचे काम पुन्हा करू नये, म्हणून त्याचे चार उद्देश ठरवण्यात आले. सरकारी शिध्यापलीकडच्या लहानसहान गरजा भागवणे, अनाथ मुलांचा सांभाळ करणे, अब्रूपायी मदतकामावर न येणाऱ्या गरिबांना साहाय्य देणे आणि सर्वस्व गमावलेल्या शेतकऱ्याला बी-बियाणे, बैल देऊन पुन्हा उभे करणे. आजच्या कोणत्याही आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ही यादी जवळजवळ जशीच्या तशी घालता येईल.

त्या दुष्काळाचा मोठा घाव छत्तीसगडवर बसला. अमेरिकेतील मेनोनाइट पंथीयांनी १८९७ मध्ये मदत समिती स्थापन केली आणि त्यांचा प्रतिनिधी जॉर्ज लॅम्बर्ट भारतात येऊन गेला. त्यामागून १८९९ मध्ये आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांनी रायपूरच्या दक्षिणेस धमतरी येथे ठाणे केले, तोच दुसरा, अधिक भयंकर दुष्काळ कोसळला. अन्नछत्रापासून सुरू झालेले काम अनाथालय, कुष्ठरोग्यांचा आश्रम असे वाढत गेले. १९१० मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. ते आजही चालू आहे. मदतीसाठी आलेला माणूस संकट ओसरल्यावर निघून गेला, की त्याच्यामागे आठवण उरते; तो थांबला तर संस्था उभी राहते. धमतरीत दुसरी गोष्ट घडली.

महाराष्ट्राला याच दुष्काळाचे जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. तरुणपणी त्यांचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या फिरस्तीत गेले होते. १८९७ च्या सुमारास त्या मध्य प्रांतात गेल्या, सरकारी अन्नाश्रमांतील स्त्रियांची दैना त्यांनी पाहिली आणि तेथून आणलेल्या मुलींसाठी पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदनाचे काम उभे केले.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनऱ्यांच्या ताब्यात गेली की ती ख्रिस्ती होणार, ही तक्रार तेव्हाच झाली होती आणि ती निराधार नव्हती. लाला लजपतराय यांनी त्यावर नुसता आक्षेप घेतला नाही. आर्य समाजाच्या वतीने मध्य प्रांतातील अनाथ मुलांसाठी त्यांनी स्वतः मदतकार्य उभारले आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. अनाथ मूल कोणाकडे सोपवावे याला नियम हवा, हा त्यांचा आग्रह होता. या स्पर्धेतून मदत करणारे हात वाढले आणि शासनाला नियमांकडे लक्ष द्यावे लागले.

पुढे तोच संशय वेगळ्या रूपात आला. छत्तीसगडचा कारभार नागपूरहून चालत असताना, १९५४ मध्ये, तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाळा, रुग्णालये आणि आर्थिक साहाय्य यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा निष्कर्ष तिने १९५६ च्या अहवालात काढला. १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा त्याच वातावरणात झाला आणि राज्यनिर्मितीनंतर तो छत्तीसगडकडे वारशाने आला. अहवालाशी कोणी सहमत असो वा नसो, एक उणीव मात्र ठळक दिसते. प्रलोभन कशाला म्हणावे यावर आपण सहा दशके वाद घातला. प्रलोभनाशिवाय मदत कशी द्यावी, याची कार्यपद्धती मात्र जिल्हा पातळीवर बांधली नाही.

ती बांधता येते, हे किल्लारीने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने धार्मिक न्यासांपासून उद्योगसमूहांपर्यंत अनेक संस्थांना गावे दत्तक दिली. पण घर किती चौरस फुटांचे असावे, हे देणगीदाराच्या मर्जीवर सोडले नाही. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट असे गट शासनाने ठरवले. त्या पुनर्वसनाच्या इतर उणिवांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घर बांधणारी संस्था कोणत्या धर्माची, यावरून कुणाचे घर लहान-मोठे झाले नाही.

आज कायद्याचे बळही कमी नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ स्वयंसेवी संस्थांचा सहभाग वाढवण्याची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकतो, तर त्याचे कलम ६१ मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रातील स्थानिक संकट गटात एक स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि दोन समाजसेवक नेमण्याची तरतूद आहे. कागदावर जागा आहे. प्रश्न ती भरण्याचा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातील स्वयंसेवी संस्थांची यादी बहुधा आधीच्या पुरात केलेली असते आणि तिच्यातील निम्मे दूरध्वनी लागत नाहीत, हे प्रशासनात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सर्व धर्मांच्या मदत मंडळांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जिल्हा प्राधिकरणाकडे नोंदणी व्हावी आणि प्रत्येकाशी लेखी करार व्हावा: काम कोणते, क्षेत्र कोणते, हिशेब कोणापुढे. दुसरी, या करारात आचारसंहिता असावी. रेड क्रॉस आणि प्रमुख मदतसंस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या संहितेत मदतीचा उपयोग राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी होणार नाही, हे तत्त्व आहेच. शिध्याच्या पिशवीत पोथी, पत्रक वा पक्षाचे चिन्ह नको, हा नियम चर्चइतकाच मठाला, मदरशाला आणि राजकीय पक्षाच्या मंडळालाही लागू असावा. अनाथ मूल सापडल्यास ते २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालकल्याण समितीपुढेच उभे केले जावे. लजपतरायांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे ते आजचे उत्तर आहे. तिसरी, पहिला आठवडा सरला की शासनाने मदतीची सूत्रे टप्प्याटप्प्याने या मंडळांकडे द्यावीत, विशेषतः कंत्राटी मजूर आणि वसाहतीबाहेरच्या वस्त्यांसाठी. कंपनीचे रुग्णालय जखम भरते; मिळवता माणूस गेलेले घर उभे करायला वर्ष लागते.

चर्चच्या बाजूनेही काही अपेक्षा आहेत. विदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला निधी देण्याची वाट बंद केली; त्यामुळे लहान मंडळांना आता स्थानिक वर्गणीवर उभे राहावे लागेल. ती अडचण खरी आहे, पण तीतून लाभही होऊ शकतो. सेक्टरातल्या शेजाऱ्याने दिलेल्या पैशाचा हिशेब शेजाऱ्यालाच द्यावा लागतो आणि असा हिशेब उघड असला, की अफवेला वाव उरत नाही.

नियम नसलेल्या जागेत संशय आणि उपकार दोन्ही फोफावतात. संशय मदत करणाऱ्याला दूर लोटतो आणि उपकार मदत घेणाऱ्याला लहान करतो. दुष्काळ संहितेने गरजू माणसाचा जगण्याचा दावा आधी शासनावर ठेवला आणि दात्यांना त्यानंतरची जागा दिली. तो क्रम आजही योग्य आहे. शासनाने आपली जबाबदारी टाळू नये आणि मदतीला येणाऱ्याला, तो कोणत्याही प्रार्थनास्थळातून येवो, नियमाने दारात घ्यावे. पुढची वायुगळती वा पूर यायच्या आधी हे लिहून ठेवणे, एवढेच काम आज प्रशासनाच्या हाती आहे.