गोळी, उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीची
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कुरणे व पिके यांची नासधूस करणारे प्रेअरी डॉग, वुडचक इ. लहान प्राणी दुरून टिपण्यासाठी वापरण्यात येणारी रायफलची गोळी. सु. ६ मिमी. व्यासाच्या रायफलीसाठी साधारणतः ५५ ते ८० ग्रेन (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.) वजनाची, शिशाचा गाभा व पातळ आवरण असलेली गोळी निवडतात. आघात होताच तिचे तुकडे होतात. त्यामुळे ती उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी होतो, टळत मात्र नाही. हीच गोळी हरणावर झाडल्यास वरवरची जखम करून फुटते व जनावर तडफडत राहते. नळीतील आट्यांचा पीळही पाहावा लागतो. १९५५ मध्ये निघालेल्या .२४४ रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांत एक फेरा होता. तीत लांब, जड गोळ्या स्थिर राहत नाहीत, असा बोलबाला होऊन ते काडतूस.२४३ विंचेस्टरपुढे मागे पडले. मृत प्राण्यांतील शिशाच्या कणांमुळे गिधाडांना विषबाधा होते. म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व पिळाचा प्रश्न पुन्हा उद्‌भवतो.