शाळेची ‘अंतर्गत चौकशी’ आणि निसटणारे ७२ तास

सकाळी शहागंजच्या घड्याळ टॉवरखालून शाळेच्या रिक्षा जातात. दप्तरे बाहेर लटकलेली, मुले दाटीवाटीने बसलेली. आपले मूल त्या रिक्षात बसल्यापासून घरी परतेपर्यंत शाळेच्या हवाली असते. एखाद्या दुपारी त्यातले एखादे मूल ‘तिथे दुखतंय’ किंवा ‘त्या काकांनी असं केलं’ असे म्हणाले, तर शाळा पहिल्या तासात काय करते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

खासगी शाळांत बहुधा एक ठरलेला क्रम दिसतो. वर्गशिक्षिका मुख्याध्यापिकेला सांगते, त्या संस्थाचालकांना कळवतात, मग ‘आधी आपण चौकशी करू’ असे ठरते. पालकांना थांबायला सांगितले जाते, ‘मुलीचेच नाव खराब होईल’ असे सुचवले जाते. वास्तविक मुलाचे नाव उघड होणार नाही, याची तरतूद ‘पोक्सो’ कायद्यातच आहे. जपले जाते ते शाळेचे नाव.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. शाळेने पोलिसांना कळवले नाही. पालक पोलीस ठाण्यात पोहोचले तेव्हा गुन्हा नोंदवायलाही तासन्‌तास गेले. २० ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, मग मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खटला उभा राहण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. माहिती दडवल्याच्या आरोपावरून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना ऑक्टोबरमध्ये अटक झाली. रुळांवरची गर्दी सगळ्यांना आठवते, पण शाळेत वाया गेलेला वेळ फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

हा वेळ वैद्यकीयदृष्ट्या मोलाचा असतो. लहान मुलांच्या नाजूक त्वचेवरच्या बारीक जखमा काही दिवसांत मागमूस न ठेवता भरून येतात. अंघोळ झाली, कपडे धुतले गेले, की शरीरावरचा आणि कपड्यांवरचा पुरावा जातो. एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस द्यावी लागतात. वयात आलेल्या मुलीला गर्भनिरोधक गोळीही वेळेतच द्यावी लागते. शाळेची ‘चौकशी’ शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी संपली, तर हे ७२ तास तिथेच खर्ची पडतात.

दुसरी गोष्ट पालकांनाही ठाऊक नसते. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत जखम सापडतच नाही. ‘डॉक्टरांना काही दिसले नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही. अशा वेळी मुलाचे बोलणे हाच मुख्य पुरावा असतो, आणि शाळेची चौकशी नेमका तोच बिघडवते. आधी बाई, मग मुख्याध्यापिका, मग संस्थेचे चार सदस्य. ‘त्यांनीच हात लावला ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न चारदा विचारला, की चार-पाच वर्षांचे मूल मोठ्यांना हवे ते बोलू लागते किंवा गप्प होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचा खटला असाच कोसळला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकरणात मुलांना इतके सूचक प्रश्न विचारले गेले, की खरे काय हे कुणालाच सांगता येईना. १९९० मध्ये एकाही आरोपीला शिक्षा न होता ते संपले. वाईट विचारपूस खऱ्या तक्रारदाराचे नुकसान करते आणि निरपराध माणसाचेही.

पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. आरोप खरा की खोटा, हे शाळेने ठरवायचे नाही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आरोप वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यावर असला तरी कळवणे टळत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. दोन्ही घरच्यांना बोलावून समेट घडवणे हा शाळेचा अधिकार नव्हे.

हे बंधन डॉक्टरांवरही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले.

मग शाळेने करायचे काय? मुलाचे एकदा, शांतपणे ऐकायचे. ‘काय झालं ते सांग’ एवढेच विचारायचे आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. पालकांना आणि पोलिसांना लगेच कळवायचे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही आहे. कपडे बदललेच असतील तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवायचे, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. मग रुग्णालय. शहागंजहून घाटी रिक्षाने थोड्याच मिनिटांवर आहे. गुन्हा नोंदवला नसला तरी तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टरांनी पोलिसांचे पत्र मागायचे नसते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, पालकांसमोर करायची. जबाब घ्यायला पोलीस घरी येऊ शकतात, शक्यतो महिला अधिकारी आणि तीही गणवेशात नको.

शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती असावी, असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. बदलापूरनंतर त्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. पुढच्या पालकसभेत फी आणि गणवेशाचा विषय संपला, की या समितीवर कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हे विचारता येईल.