परकीय वाद्याचे यजमानपद : शॅरन शॅनन यांचा ‘द डायमंड माउंटन सेशन्स’

केल्टिक संगीतातील मिश्र प्रयोगांची चर्चा बहुधा परंपरेच्या शुद्धतेपासून सुरू होते. ॲकॉर्डियनच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आरंभीच अडखळतो, कारण हे वाद्य मुळात आयर्लंडचे नाही. १८२९ मध्ये व्हिएन्ना येथे सिरिल डेमियन यांनी त्याचे एकस्व घेतले आणि पुढे ते आयरिश नृत्यसंगीतात रुजले. संगीतकार शॉन ओ रियादा यांनी १९६२ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानमालेत ते आयरिश संगीतास अयोग्य ठरविले. त्यांच्याच वाद्यवृंदात मात्र ॲकॉर्डियन वाजत होते! मराठी वाचकास येथे पेटीचे स्मरण होईल. भात्याच्या हवेने कंप पावणाऱ्या रीड्सचे तत्त्व दोन्ही वाद्यांत एकच असून, पेटीसही १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीची बंदी सोसावी लागली.

क्लेअर काउंटीतील शॅरन शॅनन (जन्म १९६८) ‘बी-सी’ पद्धतीचे बटण-ॲकॉर्डियन वाजवितात. त्यातील बटणांच्या दोन रांगांत अर्ध्या स्वराचे अंतर असते. पेटीत भात्याच्या दिशेने स्वर बदलत नाही. येथे भाता दाबताना एक स्वर व ओढताना दुसरा, असे एकाच बटणातून उमटतात. दोन्ही रांगा मिळून बाराही स्वर हाती येत असल्याने वादकास एका रांगेवरून दुसरीवर सरकत सलग, अलंकृत स्वरपंक्ती घेता येते. ही शैली १९५० च्या दशकात पॅडी ओब्रायन यांच्या वादनामुळे प्रतिष्ठा पावली. म्हणजे जिला आज ‘परंपरा’ म्हटले जाते, तिचे वयही फार नाही.

१९९५ च्या ‘आउट द गॅप’मध्ये शॅनन यांनी रेगेचे निर्माते डेनिस बोवेल यांच्यासह काम केले. रेगेतील गिटारचा आघात मुख्य मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मध्ये पडतो. त्यामुळे रीलच्या धावत्या स्वरांना मोकळी जागा मिळते. २००० च्या ‘द डायमंड माउंटन सेशन्स’ची पद्धत वेगळी आहे. येथे अमेरिकेचे स्टीव्ह अर्ल, जॅक्सन ब्राउन व जॉन प्राइन, इनिशबोफिन बेटावरील गायक डेसी ओहॅलरन आणि स्पेनमधील गॅलिसियाचे कार्लोस नुन्येस एकत्र येतात. यांपैकी नुन्येस यांचा सहभाग अभ्यासकास विशेष विचारात पाडणारा आहे. गॅलिशियन भाषा लॅटिनोद्भव आहे, केल्टिक कुळातील नव्हे. तथापि तेथील मशकवाद्यास केल्टिक संगीतात सहज स्थान मिळते. संगीतातील ‘केल्टिक’ ही संज्ञा भाषाशास्त्राइतकी काटेकोर नाही, हे येथे कानांनीच पटते.

नामवंतांच्या या मांदियाळीत एक धोकाही आहे : गायक पुढे आला की ॲकॉर्डियन केवळ साथीचे वाद्य उरते. अर्ल यांनी रचलेल्या ‘द गॉलवे गर्ल’मध्ये तसे घडत नाही. कडव्यांच्या मधील धून ॲकॉर्डियनकडेच असून श्रोत्याच्या स्मरणात शब्दांइतकीच तीही राहते. २००८ मध्ये हेच गीत आयरिश गायक मंडी यांनी शॅनन यांच्यासह गायिले आणि ते आयर्लंडच्या विक्री-क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. गायक बदलला होता. ॲकॉर्डियनवर शॅननच होत्या.