चित्रपटांचा प्रदर्शनहक्क आणि तालिकेतील नोंद

ग्रंथालयाने मूल्य देऊन चित्रपटाची तबकडी घेतली, म्हणजे ती सभागृहात दाखविण्याचा अधिकारही मिळाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. प्रतीची मालकी वेगळी, सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेस सूट आहे. मात्र प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेसाठी केलेल्या प्रयोगाची सूट साहित्य, नाट्य व संगीतकृतींपुरती आहे. चित्रपटाचा तीत उल्लेख नाही. जयंतीदिनी विहाराच्या प्रांगणात पडदा लावणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मग हक्क आहे की नाही, हे देवघेवीच्या टेबलावर कळावे कसे? परवानापत्र फाइलमध्ये असते आणि ती फाइल ठाऊक असणारा ग्रंथपाल निवृत्त झालेला असतो! म्हणून आमच्या मते ही माहिती तालिकेतच हवी. मार्क २१ पद्धतीत त्यासाठी क्षेत्र ५४० आहे. ‘हक्क प्राप्त’ एवढ्याने भागत नाही. मुदत, स्थळ, प्रवेशमूल्याची अट आणि परवानापत्राचा आधार नोंदवावा. येथे एक सावधगिरी हवी. हा हक्क त्या विशिष्ट खरेदीबरोबर येतो. दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद जशीच्या तशी उतरवून घेतल्यास त्यांचा परवाना आपल्या नावावर दिसू लागतो. यासाठीच उपक्षेत्र ५ मध्ये संबंधित ग्रंथालयाचा संकेत देतात.

हक्क नसल्यास तसेही स्पष्ट लिहावे. कोरी जागा पाहून परवानगी आहे असेच मानले जाते.